सहा क्रेडिट : एक शास्त्रशुद्ध कार्यक्रम

१ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून वही. पोरांना मी अठरा वर्षं सांगतोय की सरावाची वही ठेवा, जे केलं ते त्याच दिवशी लिहा. शनिवारी मी नुसता हात पुढे करतो, ती गुपचूप वही हातात ठेवतात. ज्या तारखेला काम नाही तिथे मी लाल पेनने शून्य काढतो. असं दाबून काढतो की मागच्या तीन पानांवर उमटतं. आता स्वतःची वही. ही कुणाला दाखवायची नाही.

कारण: माझं स्ट्रेंथ कोचचं सर्टिफिकेट तीस तारखेला संपतंय. ते चालू ठेवायला दर तीन वर्षांत शिक्षणाचे सहा क्रेडिट लागतात. ऑनलाइन एक धडा वाचायचा, वीस प्रश्न सोडवायचे, एक क्रेडिट. तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, अजून तीन वर्षं आहेत. आज आमच्या क्रीडा केंद्राच्या डायरेक्टर बाईंनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, किती झाले. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहेत. त्या म्हणाल्या, इथे शून्य दिसतंय. हल्ली कॉम्प्युटरवर सगळ्यांना सगळं दिसतं.

आणि मुख्य गोष्ट. सहा डिसेंबरला तोफेची फायनल आहे. तोफ म्हणजे आमची गोळाफेकवाली. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा रिकामा बार उचलतानाही लटपटायची. फायनलला मैदानावर प्रत्येक खेळाडूबरोबर एकच कोच सोडतात. त्याच्या गळ्यात कार्ड लागतं, आणि कार्डासाठी चालू सर्टिफिकेट. तोफेने आज विचारलं, सर, तुम्ही असाल ना? मी म्हटलं, वेडी आहेस का?

सहा क्रेडिट म्हणजे जेमतेम बारा तास. डाव्या हातचा मळ.

३ नोव्हेंबर, सोमवार

लोक अभ्यासाला नुसते बसतात आणि मग म्हणतात, जमत नाही. जमेल कसं? मेंदूही शेवटी एक स्नायूच. त्याला कार्यक्रम लागतो.

मी चार आठवड्यांचा आखला. पायाभरणी, ताकद, डिलोड, पीक. डिलोड म्हणजे मुद्दाम हलका ठेवलेला आठवडा, त्यात शरीर केलेली मेहनत पचवतं; पीक म्हणजे शिखर, सगळा जोर तिथे. चार रंगांत तक्ता केला, अख्खा शनिवार-रविवार त्यात गेला, पण झालाय झकास. वेटरूमच्या, म्हणजे आमच्या वजनं उचलायच्या खोलीच्या, ऑफिसात भिंतीवर लावला.

ज्युनियर कोच बराच वेळ तक्त्यासमोर उभी होती. हिचे सहाही क्रेडिट गेल्या वर्षीच झाले. माणसाला दुसरी कामं नसली की होतात. अगदी भारावून गेली असावी, कारण शेवटी एवढंच विचारलं की सर, यात धडा एक कुठे आहे? कार्यक्रमात इतक्या बारीकसारीक गोष्टी नसतात, हे तिला अनुभवाने कळेल.

५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

पायाभरणी. लॅपटॉप उघडला आणि लगेच दोष सापडला: मान वाकते. वाकलेल्या मानेने सहा क्रेडिट घेतले तर सातव्याला मान राहणार नाही. वेटरूममधून दहा-दहा किलोच्या आठ प्लेट आणून जेवणाच्या टेबलाच्या चारी पायांखाली दोन-दोन घातल्या. आता स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर.

बायको उभ्याने जेवली. शाळेत गणित शिकवते, तिला उंचीचं महत्त्व कळायला हवं. म्हणाली, वाचलंस किती? मी म्हटलं, हा आठवडा वाचायचा नाहीच. ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

८ नोव्हेंबर

पायाभरणी पूर्ण. टेबल, खुर्ची, दिवा, मान, तीन हायलायटर. वेळापत्रकाच्या एक मिनिटही मागे नाही.

प्लेट परत नेल्या. जेवण बसून हवं, म्हणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

ताकदीचा आठवडा. आधी टेस्ट. एखादा किती वजन उचलू शकतो हे माहीत नसताना मी त्याला बारखाली उभा करत नाही. तसंच, न थांबता मी जास्तीत जास्त किती वेळ वाचू शकतो, ते मोजलं. स्टॉपवॉच लावलं.

अकरा मिनिटं. त्यातली दोन पासवर्डची.

सुरुवातीला वाईट नाही. तोफसुद्धा इथूनच सुरू झाली होती.

१२ नोव्हेंबर

कमाल अकरा, तर सराव सत्तर टक्क्यांवर. म्हणजे आठ मिनिटांचे तीन सेट, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. पहिला सेट उत्तम. विश्रांतीत चहा केला. दुधाला वर यायला वेळ लागला, मग कपबशा विसळल्या, मग दोरीवरचे कपडे आठवले. विश्रांती पंचेचाळीस मिनिटं झाली. शरीर गार पडल्यावर दुसरा सेट मारणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. थांबलो. शिस्त म्हणजे कुठे थांबायचं ते कळणं.

धडा एक, पान दोन.

१४ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. ज्युनियरचं म्हणणं, फायनलला तीन आठवडे राहिलेत, तर शेवटचे दोन आठवडे तोफेचे सेट निम्मे करू. वजन तेवढंच, काम कमी, म्हणजे ती ताजीतवानी उतरेल. धडा तीनमध्ये हेच दिलंय, म्हणे. धडा तीन! मी तिला स्वच्छ सांगितलं की बाई, विश्रांती हे आळसाचं शिकलेलं नाव आहे. ही पोरगी शेवटच्या गुरुवारपर्यंत जड उचलणार. मी अठरा वर्षं हेच करतोय.

तिने मान डोलवली आणि भिंतीवरच्या माझ्या तक्त्याकडे पाहिलं. तिसरा आठवडा मी हिरव्या रंगात केलाय, लांबूनही उठून दिसतो.

चिडचिडीत अभ्यास करू नये. आज केला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डिलोड सुरू. खरं सांगायचं तर मधेच एकदा वाटलं, आजच बसावं. हात शिवशिवत होते. पण मोह आवरला. कार्यक्रम मोडायचा नाही हे मी पोरांना सांगतो, मग मीच कसा मोडू? लॅपटॉप कपाटात, वर चादरी.

फार बरं वाटतंय. म्हणजे पायाभरणी पक्की होती.

२० नोव्हेंबर

तोफेने विचारलं, सर, किती झाले? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात एकदम दिसतील, पीक असंच असतं. ती म्हणाली, पण आधी काही केलं असेल तरच ना? वजन उचलणाऱ्या मुलींनी हल्ली तोंडही उचलायला सुरुवात केलीय.

मी कारणं समजावून सांगितली. तिने शांतपणे दारावरची पाटी वाचून दाखवली. ती मीच रंगवलीय: 'सबबी बाहेरच्या बुटांबरोबर इथेच काढा.' मी म्हटलं, ती खेळाडूंसाठी आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पीक वीक! सहा दिवस, सहा धडे. रविवार राखीव. गणित अगदी सरळ आहे.

आज धडा एक होणारच होता, पण चादरींखालून लॅपटॉप काढताना खांदा लचकला. बर्फ लावून बसलो. उद्यापासून रोज सव्वा धडा.

२७ नोव्हेंबर

खांदा उत्तम. रोज दोन धडे. बायको म्हणाली, अरे, एक सांगू का, तुला भीती वाटतेय. मी हसलो. मला? दोनशे किलोचा बार पाठीवर घेतलेला माणूस मी.

मग ती वह्या तपासायला बसली आणि मी तिथेच बसून राहिलो. वीस प्रश्न, चौदा बरोबर आले तर पास. पूर्वी शिबिरात नुसतं बसलं की क्रेडिट मिळायचे; शेवटची परीक्षा दिली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. डायरेक्टर बाईंच्या कॉम्प्युटरवर मार्कही दिसतात का, हे विचारून ठेवायला हवं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी ७. आज सगळे सहा. खेळाडू दडपणाखालीच खुलतो.

९.३०. वॉर्मअप झाला.

१०. विचार केला, वाचण्यात वेळ का घालवायचा? अठरा वर्षांचा अनुभव कशासाठी आहे? धडा एकची थेट परीक्षा.

१०.२०. वीसपैकी नऊ.

प्रश्न चुकीचे आहेत. मी ज्याला 'बरोबर' म्हणतो ते दर वेळी पर्यायांमध्ये होतं, पण उत्तरात नव्हतं.

१०.२५. स्क्रीनवर आलं: नापास. पुन्हा प्रयत्न चोवीस तासांनी. या काळात विश्रांती घ्यावी व धडा वाचावा.

विश्रांती घ्यावी! मला! गेला महिनाभर मी दुसरं काय केलं?

१०.४०. दुसरे धडे उघडून बघणार होतो. नाही बघितले. नऊ आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

१ डिसेंबर

डायरेक्टर बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी पुढे केलं. सर्टिफिकेट बंद. क्रेडिट पुरे केले की पुन्हा चालू होईल, तोवर तोफेच्या कार्यक्रमावर सही ज्युनियरची आणि कार्डही तिचंच. ज्युनियरने दुपारीच तोफेचे सेट निम्मे केले.

तोफेला मीच सांगितलं. ती बारवरचा खडू पुसत राहिली. बार आधीच स्वच्छ होता. मी म्हटलं, तयारीत जरा कमी पडलो. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिच्यासमोर मी असं पहिल्यांदाच म्हटलं.

पण एक सांगतो, हे सेट निम्मे करण्याचं महागात पडणार.

६ डिसेंबर, शनिवार. स्टेडियम, प्रेक्षकांचा स्टँड, पंधरावी रांग

स्पर्धा अकराला, मी आठलाच येऊन बसलो. खाली कुंपणापलीकडे ज्युनियर गळ्यात कार्ड घालून उभी. तोफेचा वॉर्मअप चालू. मी दोन वेळा ओरडून सूचना दिल्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून बसायला सांगितलं.

करायला काही नव्हतं. वॉर्मअप दुसऱ्याचा, चहा लांब, कपडे दोरीवर नाहीत. फोनवर धडा तीन उघडला, तोही ज्युनियरची चूक शोधायला. 'स्पर्धेपूर्वी सरावाचा भार कसा उतरवावा.' वाचत गेलो. स्टॉपवॉच लावलं नव्हतं. मान वाकलेली होती. तिचं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होतं. आणि हेही होतं की जिथे भार चढवलेलाच नाही तिथे उतरवण्याला काही अर्थ नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्याबद्दल नव्हतंच ते.

परीक्षा दिली. वीसपैकी सोळा. पास. एक क्रेडिट. सर्टिफिकेट संपल्यानंतर सहाव्या दिवशी.

मग तोफ. पहिल्या दोन फेकी साधारण. तिसऱ्या वेळी वर्तुळात जाण्याआधी तिने स्टँडकडे पाहिलं. मी सांगण्यासारख्या चौदा गोष्टी आठवल्या आणि नुसती मूठ वर केली. गोळा सुटला तेव्हाच कळलं. तेरा मीटर एक्याण्णव! तिच्या आजवरच्या सर्वोत्तम फेकीपेक्षा अठ्ठेचाळीस सेंटिमीटर जास्त. मी खुर्चीवर चढून ओरडलो. आजोबाही ओरडले. चौथी आली. पदक हुकलं, पण ज्युनियरच्या गळ्यात पडून नाचत होती. मला वाईट वाटलं. आनंदही झाला, पण आधी वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो.

नंतर ती धापा टाकत पंधराव्या रांगेपर्यंत वर आली. पाया पडेल म्हणून मी पाय नीट घेतले. तिने विचारलं, सर, किती झाले? म्हटलं, एक. कधी? आज, आत्ता. मग तिची नजर मांडीवरच्या या वहीवर गेली. तिने नुसता हात पुढे केला.

अठरा वर्षं मी जसा करतो, अगदी तसाच. दिली. काय करणार?

शेजारच्या खुर्चीवर बसून तिने पहिल्या पानापासून वाचली. टेबलाखालच्या प्लेटपाशी इतकी हसली की आजोबांनी परत मागे पाहिलं. सत्तावीस तारखेला हसली नाही. मग माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि एकेका तारखेखाली शून्य काढत गेली. शेवटी आजची तारीख आली, तिथे तिने एक लिहिला आणि खाली सही केली. वही माझ्या मांडीवर ठेवून ती बस चुकेल म्हणून पळाली.

मी मागची पानं बोटाने चाचपून पाहिली. कुठेच उमटलं नव्हतं. अगदी हलक्या हाताने काढली होती.

शून्यं मोजली. तेरा. एक जास्त आहे. पहिल्या तारखेला तर कार्यक्रम सुरूच झाला नव्हता, तिथे शून्य कसं काय? सोमवारी हिशेब मागणार तिच्याकडे.

पुन्हा मोजली. बरोबर आहेत.