पाठवणीची कॅसेट

१४ मे ९६
पुणतांबा. अक्काच्या थोरलीचं, सुमनचं लग्न. शूटिंग माझ्याकडेच. पाठवणीला दाजी जीपचं दार धरून पळाले, हमसून हमसून रडत. ज्यांच्या आवाजाला अख्खी गल्ली टरकते ते आमचे दाजी! मी कॅमेरा जरासुद्धा हलू दिला नाही. झकास आलंय.

२ जून
तेवढा तुकडा जाहिरातीला काढला. स्लो मोशन, मागे सनई, खाली माझ्या व्हिडिओच्या दुकानाचं नाव. केबलवाला रोज दुपारच्या पिक्चरआधी लावणार. दाजींना विचारायचं राहिलं. घरचेच तर आहेत.

२० जून
दुकानात गर्दी. एका नवरीचा भाऊ : "आमच्या बापाचंबी तसंच रडतानी काढा." त्या तुकड्याच्या कॉप्या पार श्रीगोंद्यापर्यंत गेल्यात म्हणे. मी दोनच दिल्या होत्या.

९ जुलै
राहात्याच्या बाजारात दाजी दिसले. मिरचीवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "आबा, पळा, जीप सुटली!" सगळे हसले. दाजी रिकामी पिशवी घेऊन स्टँडकडे गेले. मला हाक मारायचं धैर्य झालं नाही. खरं लिहायचं तर आधी मीही हसलो होतो.

३ ऑगस्ट
अक्का आली. "ते बाजारला जातच न्हाईत रे आता. म्हनले, त्याला सांग, पुसून टाक." पुसतो म्हणालो. केबलवाल्याचं बंद केलं. बाकीच्या कॉप्या कुणाकुणाकडून मागू? मूळ कॅसेट कपाटात. पुसायला हात होत नाही.

४ मे ९७
धाकट्या शालनचं लग्न. कॅमेरा नेला नाही. पाठवणीच्या वेळी दाजी मांडववाल्याशी खुर्च्यांचं बोलत उभे. शालन दोनदा थांबली, वळून बघितलं. मी धावत गेलो. "दाजी, कॅमेरा न्हाई आणला मी."
"तू न्हाई आनला. ह्या लोकांचं डोळं हायेत की."
जीप गेली. ते खुर्च्याच मोजत होते. वाटोळं केलं मी.

१२ मे
शालन दुकानात आली. जावई बाहेर उभे.
"मामा, तायडीच्या पाठवणीची कॅसेट द्या. आबा माज्यासाठी रडले न्हाईत. तिच्यासाठी रडलेलं तरी बघीन."
उद्या ये म्हणालो. दाजींना शब्द दिलाय. शिवाय आणखी एक कॉपी बाहेर गेली म्हणजे...
कॅसेट मशीनमध्ये घातलीय. शेजारी कॉपीसाठी कोरी काढून ठेवलीय. पुसायचं की कॉपीचं, अजून कुठलंच बटण दाबलेलं नाही. ती उद्या दहाला येईल.