घमेल्यातलं ऊन

२ फेब्रुवारी
सकाळीच गेनूभाऊ दारात. ओढ्याला आमच्या खालच्या अंगाला त्याचा गोठा. म्हनला, "वैनी, तुमच्या सुनेच्या रंगानं ओढा लाल झालाय. म्हशी तोंड लावंनात. पाडव्यापत्तुर पाणी नितळ करा, न्हाईतर ग्रामसभेत तिचं काम बंद करायला लावीन."
"आधी चहा घे, मग भांड." घेतला. मग भांडला.
सुनंदा परसात ओढण्या रंगवते, लोणावळ्याच्या दुकानांत जातात. घर त्यावरच चालतं. गेनू खरं बोलला, ह्येच वाईट.

५ फेब्रुवारी
नात पूर्वा तळेगावला कॉलेजात केमिस्ट्री शिकते. ह्ये लिहून घेतेय ती तीच. मला अक्षर येत न्हाई, तिला भाकरी येत न्हाई. फिटंफाट.
ती म्हणते, रंगाचं पाणी लिंबूसतानं आंबट करायचं, चिमूटभर हिराकस, म्हंजे लोखंडाचं हिरवट मीठ, वर पेरॉक्साइडचं औषध. मग ऊन रंगाचे तुकडे करतं. उन्हानं माझी चांगली चोळी विटवली तवा कुणी त्याला शास्त्र म्हनलं न्हाई.

९ फेब्रुवारी
पिंप भरून दोन दिवस उन्हात. वर जरा फिकट, खाली लालभडक. म्हनलं, कुरडया काय पिंपात वाळवतात? पसर की पातळ!
 पूर्वानं प्लास्टिकची घमेली आणली. बोटाच्या एका पेराएवढंच पाणी.

११ फेब्रुवारी
दोघी बाहेर, राखण माझी. संध्याकाळी येऊन बघतात तर पाणी लालच. पूर्वा म्हणाली, औषधच शिळं.  सुनंदा रंगाची पातेली पुसून माळ्यावर चढवायला लागली.
बघवंना. तरी गप बसले.

१२ फेब्रुवारी
सांगून टाकलं. काल दिवसभर घमेल्यांवर माझं जुनं लुगडं अंथरलं होतं. पाला पडंल, कावळा बसंल. पापडांवर टाकतो तसं. त्या यायच्या आत घडी करून ठेवलं.
"आजी! अगं, ऊनच झाकलंस!"
हे लिहिताना हसतेय मेली. सुनंदापण हसली, कितीक दिवसांनी. पातेली खाली आली.

१३ फेब्रुवारी
उघडी ठेवली. दुपारी गुलाबी. चारला घमेल्याच्या बुडाचा ओरखडा दिसला!
पूर्वा म्हणते, रंग गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असं न्हाई. चुना टाकून गाळ बसवला, वरचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात तपासायला दिलं. हिला आनंद करताच येत न्हाई.

२० फेब्रुवारी
गेनू आला. घरी ठेवलेली दुसरी बाटली बघून म्हनला, "ही नळाची." म्हनलं, बस मग. दहापासनं घमेल्यापाशी बसला, पाण्याचा रंग उतरेस्तोवर हलला न्हाई.
"म्हशीला पाजू?"
पूर्वा: "नको आबा. रिपोर्ट येऊ दे."
"मग कशाचं नितळ!"
सुनंदा उभी राहिली. "भाऊ, तोवर ओढ्यात थेंब सोडणार न्हाई. टाकीत साठवीन."
"पाडव्यापत्तुर," म्हनला. पण आवाज उतरलेला.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट न्हाई अजून. टाकी निम्मी भरली. आज पहिल्यांदा हिरवा रंग, अन् नेमकं मळभ. दोघी सारख्या वर बघतायत. म्हनलं, ऊन काय जावई न्हाई, बोलावल्यावर यायला.
चारला घाटाकडनं जरा उघडलं. सुनंदा म्हणते, कडेला हिरवं फिकं पडतंय, दिसतंय का आत्या?
मला न्हाई दिसलं. व्हय म्हनलं.