सैल बांधलेली सुकेळी

आये,

ओळखलंस का? दम धर, लगेच उत्तर देऊ नकोस. तसंही तू लगेच कधी दिलंस? भाजीला मीठ लागलं का विचारावं, तर सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर, हात धुता धुता तू सांगायचीस, “कमी होतं.” म्हणून आधीच सांगते, मी तुझी थोरली. शेवटच्या वर्षांत अख्खं भुईगाव तुला विसराळू म्हणायचं, तेव्हा एवढ्या काळानंतर लेक लक्षात राहिली असेल अशी आशा मी काही धरत नाही. हे मी बोलतेय आणि नात लिहितेय. मी आपल्या घरच्या बोलीत सांगते, ती शाळेतल्या मराठीत उतरवते. मध्येच कुठे मी फार शहाणी वाटले तर ते शहाणपण तिचं समज. हसतेय बघ. हसू नको गं, लिही.

यंदा थंडी पडली तशी राजेळी केळीचे घड उतरवले आणि सुकेळी घालायला घेतली. आता गावात फारसं कोणी करत नाही. आपल्या घरात अजून तुझाच कारभार चालतो. घड पिकवायचे, केळी सोलायची, काड्यांच्या मांडवावर उन्हात पसरायची, पालटायची, ऊन उतरलं की आत घ्यायची, आणि मधासारखी लाल झाली की सुक्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधायची. हे माझ्या हातांना तू सांगितलंस, डोक्याला कधी सांगितलंच नाहीस. तर त्या सकाळी मी सोललेल्या केळ्यांचं ताट घेऊन मांडवापाशी उभी आहे. ऊन आहे, मांडव रिकामा आहे, केळी हातात आहेत, आणि माझं पाऊल पुढे पडत नाही. विसरले नव्हते, आये. सगळं ठाऊक होतं, पण आधी कोणतं करायचं ते ठरेना. सून ओटीवरून म्हणाली, “आई, काय झालं?” मी म्हटलं, “केळ्यांना ऊन दाखवतेय.” ती म्हणाली, “ताटातूनच?” तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, मला खुर्चीत बसवलं, आणि म्हणाली, “यंदापासून तुम्ही नुसतं बघायचं.” माया होती गं त्यात. पण मला एकदम तुझी खुर्ची आठवली, शेवटी आम्ही तुला बसवून ठेवायचो ती.

मग वसईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद पुढे सरकवून घड्याळ काढायला सांगितलं. मी म्हटलं, “डॉक्टर, मी जन्मात पेन धरलं नाही. आम्ही देवळाच्या घंटेवर उठलो आणि घंटेवर झोपलो. घंटा काढू का?” ते हसले आणि म्हणाले, “बरं, माशांची नावं सांगा, सुचतील तेवढी.” यात मी हरणार होय! बोंबील, पापलेट, घोळ... आणि गाडी अडली. नात कानाशी म्हणाली, “आजी, काटे खूप असतात तो?” तर लगेच पाला आला तोंडात. “कोलंबीचा धाकटा भाऊ?” तर जवळा. डॉक्टरांनी तेच धरलं. म्हणाले, “नावं पुसली गेली नाहीत, आतच आहेत. बाहेर यायला वेळ लागतोय.” मग एका बोगद्यात निजवून मेंदूचा फोटो काढला. आतमध्ये काय ठोकाठोक, जणू कोणी डोक्यावर पत्र्याची शेड घालतंय. फोटोत आत खोलवर पांढरे डाग दिसले, ढगासारखे. मी विचारलं, “म्हातारपणी केस पांढरे होतात, तसं आतूनही होतं का?” म्हणाले, थोडंफार बऱ्याच जणांना होतं, तुमचं जरा जास्त आहे. मेंदूत खोल जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, केसांसारख्या. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की त्या जाड होतात, अरुंद होतात, आणि पुढच्या भागाला रक्त नीट पोचत नाही. मग माणूस एकदम विसरत नाही. मंदावतो. कामाचा क्रम लावणं जड जातं, पावलं आखूड पडतात, मन कशात लागत नाही.

आये, आखूड पावलं म्हटल्याबरोबर मी खुर्चीत सरसावून बसले. मला आपली केळीची वाडी दिसायला लागली. रहाटाचं पाणी मोठ्या पाटातून खळखळत निघायचं. पाहणाऱ्याला वाटायचं, वाडी भिजली. पण कुंपणाजवळच्या शेवटच्या आळ्यांना जाणारे पाट बोटाएवढे, ते गाळाने भरले की तिथली केळ कोमेजायची आणि रहाटावरच्या माणसाला पत्ताही नसायचा. मी हे डॉक्टरांना सांगितलं, आणि वर विचारलं, “मग कुदळ घेऊन गाळ उपसा की!” ते म्हणाले, “तुमचं पाटापर्यंत बरोबर आहे, आजी, पण पुढे चुकतंय. हा गाळ उपसता येत नाही. वाळलेलं आळं पुन्हा हिरवं करता येत नाही. बाकीची वाळू नयेत म्हणून झटायचं: गोळी चुकवायची नाही, रोज चालायचं, सुकी मासळी नि मीठ कमी.” मीठ कमी! म्हणजे माझं जेवणही आता तुझ्या चवीबाहेर गेलं.

मग मी तुझं विचारलं. तू शेवटी शेवटी उंबऱ्याशी येऊन थबकायचीस, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. देवळाच्या दारात तर मागे माणसं तुंबायची. वाडीत तू फावडं घेऊन उभी, आळं भरून पाणी वाहून चाललंय, आणि तू बघते आहेस. आम्ही ओरडायचो, “आये, फिरव पाणी!” की लगेच वाकून तू बांध फोडायचीस, पुढच्या आळ्यात पाणी घ्यायचीस, एक ढेकूळ इकडचं तिकडे न होता. पुढचं आळं भरलं की पुन्हा तशीच उभी. कोणी म्हणालं हट्टी झाली, कोणी म्हणालं सुनांवर रुसली, कोणी देवळातल्या फादरकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यायला सांगितलं. पण विसराळू म्हणावं तर सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तुला तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, “त्यांचा फोटो नाही, रक्तदाब कुणी मोजला नाही, मी कसं सांगू? असेलही, नसेलही.” प्रामाणिक माणूस. पण माझी चौकशी काही थांबत नाही. तुला आतून कसं वाटायचं? हाक ऐकली की दार उघडल्यासारखं? मला तसंच वाटतं, म्हणून विचारते.

घरी येऊन मी सुनेला म्हटलं, “मला खुर्ची नको, हाक दे.” ती म्हणाली, “म्हणजे?” मी म्हटलं, “वाडीत पाणी फिरवायला आम्ही आयेला द्यायचो तशी. एका वेळी एकच.” ती आधी नाहीच म्हणाली. “आई, दमाल, पडाल, मग लोक मलाच बोलतील.” मी म्हटलं, “लोकांना मी सांगेन, सून छळत नव्हती, मीच सुनेला छळत होते.” आता ती ओटीवर तांदूळ निवडत बसते आणि तिथून ओरडते, “आई, पसरा!” मी पसरते. “आई, पालटा!” मी पालटते. परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काय गं, सासूला हुकूम सोडतेस?” सून बिचारी लाजली. मी म्हटलं, “सोडू दे, इतकी वर्षं मी सोडले.” सोलणं, पसरणं, पालटणं जमतं. एकदा हाक आली की हात आपले धावतात. बांधणं मात्र रेंगाळतं. पान गुंडाळून होतं, मग दोरी आधी वरून घ्यायची की खालून, तिथे मी उभीच्या उभी, आणि गाठ सैल पडते.

नात विचारतेय, आजी, पत्ता काय घालू? म्हटलं, पत्ता नको, घडी करून तांदळाच्या पिंपात ठेव. पण त्याआधी एक गोष्ट लिही. तू बांधलेली सुकेळी सैल व्हायची, आणि तू आत निजायला गेलीस की मी ती हळूच सोडून पुन्हा बांधायचे, तुला कळत नाही असं समजून. आता दुपारी मी आत जाते, पडदा थोडा सरकवते, आणि सून मांडवापाशी बसून माझी एकेक गाठ सोडताना मला दिसते. मी रोज बघते, आणि झोपेतून उठल्यासारखी डोळे चोळत बाहेर येते. तुलाही दिसत होतं ना?

याचं उत्तर सावकाश दे, मला घाई नाही. आणि तिकडून कधी काही पाठवायचं झालंच तर खारवलेलं नको, डॉक्टरांनी बंद केलंय. सुकेळी पाठव. माझ्या हाताची घट्ट नको, तुझ्या हाताची सैलच पाठव.