रडायची बंदी उठली, रुपचंद

चोपडा,
चैत्र वद्य पंचमी, सन १९८९

चिरंजीव रुपचंद यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे कोण, हे आठवायला तुला वेळ लागेल, म्हणून मीच सांगते. तू बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा मुराळी होऊन जिला आखाजीच्या सणासाठी सासरहून न्यायला आला होतास, धुळ्याच्या मोटार स्टँडवर भजी खाता खाता जिला नळावर पाणी पीत सोडलंस, आणि साक्रीच्या मोटारीत एकटाच चढून बसलास, ती मी. घरी पोचल्यावर बापाने विचारलं, पोरगी कुठंय? तर तू म्हणालास, "अरे हो." ते तुझं 'अरे हो' ऐकून बापाला हसावं की मारावं ते कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. आता तू बासष्टचा झालास. आखाजी दोन आठवड्यांवर आली. गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणींचे मुराळी येऊन चहा पिऊन गेले, नि माझ्या दारात अजून कोणी नाही. तेव्हा 'अरे हो' म्हणायची वेळ पुन्हा आली आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? विडी सोडलीस की फक्त लपवतोस? म्हैस व्याली का? तुझ्या बायकोची, भिकुबाईची तब्येत मात्र मी विचारत नाही. का विचारत नाही ते पुढे येईल. (इथे कमलने पेन थांबवलं आहे आणि माझ्याकडे बघते आहे. कमल, लिही. मजकूर सांगणाऱ्याने सांगावा आणि लिहिणाऱ्याने लिहावा. मध्येच चेहरा करू नये, मला आता चेहरे दिसतात.)

कमल म्हणजे माझी सून, शालिग्रामची बायको, तू ओळखतोसच. मी बोलते आपल्या अहिराणीत आणि ही लिहिते पुस्तकातलं, कारण ही मॅट्रिक आहे. मी 'बठ्ठा' म्हणते, ही 'सगळे' लिहिते. आखाजीचीही 'अक्षय तृतीया' करायला निघाली होती, ती मी थांबवली. त्यामुळे या पत्रात मी जरा शहाणी वाटले तर घाबरू नकोस. मी होते तशीच आहे.

तर डोळ्याचं सांगते. गेल्या आखाजीला मी झोक्यावर बसले होते आणि समोरून भिकू आली, तर मी तिला म्हटलं, "कोण गं तू?" ती तिथेच मटकन बसली. मग माझ्या पदराला स्वतःच्या हाताने गाठ मारून तिने मला शपथ घातली: "अक्का, डोळा कापून घ्यायचा. पुढच्या आखाजीला मला तोंडाने ओळखायचं, आवाजाने नाही." चाळीस वर्षांत भावजयीने माझं काही ऐकलं नाही (ज्वारीच्या पापडांत, आपल्या बिबड्यांत मीठ कमी घाल, हे मी दर उन्हाळ्याला सांगत आले आणि दर उन्हाळ्याला तिच्या बिबड्या खारटच), पण तिचं हे एक मी ऐकलं. माघात जळगावला शिबिर भरलं. शालिग्रामने मला नेलं, आणि उजवा डोळा कापून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, केळीच्या घडासारखं जपत परत आणलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आजी, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, आणि दीड महिना रडायचं नाही. एक टिपूससुद्धा नाही. टाके तुटतील." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मला ओळखत नाही." तुला माहीत आहे, रुपचंद, माझा लौकिक कशाचा आहे ते. कुणी मेलं म्हणून दारावर रडायला जायचं असो की कुणाची पोर सासरी निघायची असो, बायका ट्रॅक्टरमध्ये आधी मला चढवतात. मी पहिला सूर लावला की बाकीच्यांचं आपोआप सुरू होतं. अशा बाईला रडायची बंदी म्हणजे बँडवाल्याचे दात काढल्यासारखं.

पण शालिग्रामने ते फार मनावर घेतलं. घरात कांदा चिरायचा नाही, कमल शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन चिरून आणायची. रविवारी सकाळी शेजारच्या टीव्हीवर पुराण लागलं की मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. पट्टी बांधलेल्या बाईला भिंतीकडे तोंड करून बसवण्यात काय फायदा, हे मी विचारलं, तर शालिग्राम म्हणाला, "माय, तू आवाजावर पण रडतेस." कुणी भेटायला आलं की हा दारातच त्यांना समजावायचा: मेलेल्याचं नाव काढू नका, पोरीबाळींच्या सासरचं काढू नका, कापसाच्या भावाचं तर काढूच नका. मग माणसं आत येऊन गप्प बसायची, हवा बरी आहे म्हणायची आणि चहा पिऊन जायची. इतके आनंदी लोक माझ्या आसपास कधीच नव्हते. मला भीती वाटायला लागली.

आणि एक दिवस तुझा अभिमन आला. मी बाजेवर बसलेली, पट्टी तशीच. "फुई, मी उनू," म्हणाला. मला बरं वाटलं. जगात एकच भाचा मला फुई म्हणतो. पाया पडायला वाकला तसा मी हात त्याच्या डोक्यावर ठेवायला गेले, तर हाताला टोपी लागली. आता आपल्या अभिमनने उभ्या जन्मात कधी टोपी घातली का? आमच्या घरातल्या शहाण्यांनीच ती दारात त्याला घातली होती. पण शहाण्यांना हे सुचलं नाही, की आत्या टोपीला आशीर्वाद देत नसते. मी टोपी बाजूला करून हात फिरवला. खालून खुंट लागले. नुकतेच उगवलेले.

रुपचंद, पोराचं डोकं कशासाठी भादरतात ते सांगायला डोळे लागत नाहीत. माझा हात तसाच राहिला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगते. दोघांपैकी कोण? विचारायची तर सोय नव्हती. मी विचारलं असतं तर घरभर हंबरडा फुटला असता, माझे टाके तुटले असते, आणि ज्या डोळ्यासाठी पदराला गाठ मारली तोच गेला असता. म्हणून मी बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "आबा अजून घोरतो का रे?" तो म्हणाला, "आबा बरा शेतस, फुई." आवाज सरळ होता. मी श्वास सोडला. मग विचारलं, "आणि माय?"

आत कमलच्या हातून तांब्या पडला. तो घरंगळत न्हाणीपर्यंत गेल्याचा आवाज मी ऐकला.  मग अभिमन म्हणाला, "माय बी बरी शे."

मी म्हटलं, "तिला सांग, डोळा कापला. आता मी बिबडी उजेडात धरून बघणार, किती जाड लाटते ते." तो नाकाने सूं-सूं करायला लागला. मी म्हटलं, "तुला सर्दी झाली आहे, आल्याचा चहा पी." तो म्हणाला, "हो फुई." आम्ही दोघं मिळून त्या सर्दीवर खूप वेळ बोललो. आलं किती, गूळ किती, तुळस घालावी की नाही. इतकी काळजीपूर्वक सर्दी आपल्या घराण्यात कुणाला झाली नसेल.

(कमलने पेन खाली ठेवलं होतं. पदर डोळ्याला लावून आत गेली, पाणी पिऊन आली. आता म्हणते, "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?" हो गं बाई, माहीत होतं. लिही हेही.)

यांना वाटतं, डोळे बांधले म्हणजे कानही बांधले. शालिग्राम 'धुळ्याला औताचं सामान आणायला जातो' म्हणून गेला आणि हात हलवत आला, म्हणजे तुमच्याकडेच जाऊन आला, ते मला कळलं. रात्री भिंतीपलीकडे कुजबुज चालायची: तू सांग, नाही तू सांग, टाके निघाल्यावर सांगू, चष्मा आल्यावर सांगू. त्या कुजबुजीतच मी ऐकलं, की डोळा कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी भिकू गेली. दुपारी ज्वारी निवडता निवडता, कुणाला त्रास न देता. आणि हेही ऐकलं, की मामा (म्हणजे तू) रडलेच नाहीत. सगळ्यांना चहा विचारत फिरत होते.

आता फाल्गुनातलं सांगते, म्हणजे तुला हसू येईल. आमच्या गल्लीतल्या कौतिकच्या पोरीचं लग्न होतं. मला काळा गॉगल घालून मांडवात खुर्चीवर बसवलं (दिसत होतं ते धूसर, उरलेलं कमलने नंतर सांगितलं). शालिग्राम शेजारी रुमाल घेऊन पहाऱ्याला. लग्न लागलं, पंगती उठल्या, जीप सजून उभी राहिली आणि पाठवणीची वेळ आली. पण कोणी रडेना. सगळ्या बायका माझ्याकडे बघतात आणि मी आढ्याकडे. पोरीची आई भांडी गोळा करण्यात गुंतलेली. पोर तर जीपमध्ये बसून विचारते, माझी पर्स कुठे राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. वरपक्षाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, की पोर जायला फारच उतावीळ दिसते. शेवटी कौतिक माझ्यापुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "अक्का, डोळा बांधेल शे, गळा तं मोकळा शे ना?"

मी शालिग्रामला म्हटलं, "डॉक्टरने टिपूस बंद केलं आहे, आवाज नाही." आणि सूर लावला. डोळे कोरडे ठेवून रडणं किती कठीण असतं ते तुला ठाऊक नाही. ते पाण्याशिवाय पीठ मळण्यासारखं आहे. पण लागला रे सूर. म्हटलं, आता माझा झोका कोण बांधेल गं माय, मला अक्का कोण म्हणेल, खारट हाताची माझी बाई आता कुठे शोधू. मांडव फुटला. पोर जीपमधून उतरून आईच्या गळ्यात पडली, आईच्या हातातली पातेली खाली गेली, कौतिक खांबाला धरून रडला, वराचा बाप रडला, सनईवाल्याने सनई काखेत घालून डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, अक्का कौतिकच्या पोरीला रडते आहे. ती पोर मला अक्का नाही, आजी म्हणते. कुणाच्या ध्यानात आलं नाही. फक्त तिच्या सासूने नंतर कौतिकच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीच्या हातून स्वयंपाकात मीठ जास्त पडतं का?"

शालिग्रामने गॉगल वर करून डोळा तपासला. कोरडा होता. भिकूला दिलेला शब्द मी असा पाळला. पण ते रडणं नव्हे, नुसता आवाज होता. रडणं तसंच शिल्लक आहे.

मागच्या बुधवारी डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा दिला आणि म्हणाले, "आजी, आता सगळी मोकळीक." चष्मा लावून घरी आले तर दिसलं, की शालिग्रामचे केस पिकले आहेत, कमलच्या गालावर तीळ आहे (वीस वर्षं मी त्याला काजळ समजत होते), आणि आमचं चोपडं मला वाटलं होतं त्याहून मळकं पण उजेडाचं गाव आहे. सगळं दिसतं, रुपचंद. ज्वारीतला खडासुद्धा दिसतो. जिला तोंडाने ओळखायचं होतं, तेवढीच दिसायची राहिली.

तू मला कळवलं नाहीस याचा मला राग नाही. माझ्या डोळ्यासाठी तू गप्प बसलास, आणि त्याच डोळ्यासाठी मीही गप्प बसले. आपण दोघं एकाच बापाची पोरं. पण आता बंदी उठली आहे. या आखाजीला तुमच्या घरी भिकूच्या नावाने पितरांची घागर भरली जाईल. नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. ती माझ्याशिवाय भरायची नाही. झोकाही बांधायचा. यंदा तिने बांधायचा तो तू बांध. मी आधी दारात तुझ्या गळ्यात पडून रडणार, दोन्ही डोळ्यांनी, आणि मी सूर लावल्यावर आजवर कोणी कोरडं राहिलेलं नाही. तूही राहणार नाहीस. मग चहा कर.

घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद.

तुझी बहीण यशोदा
(खाली अंगठा आहे तो माझाच, शाई कमलने जास्त लावली.)

ता. क. : म्हशीचं काय ते खरंच कळव. मी उगाच विचारलं नव्हतं.

ता. क. दुसरा : वर लिहिलं की राग नाही. ते कमलने आपल्या मनाने लिहिलं असावं. आहे थोडा. तो जायचा असेल तर न्यायला अभिमनला पाठवायचं नाही, मुराळी म्हणून तू स्वतः यायचं. गुडघ्यांची सबब चालणार नाही. एसटीला पायऱ्या तीनच असतात.

ता. क. तिसरा : भिकूच्या गेल्या उन्हाळ्याच्या बिबड्या डब्यात उरल्या असतील. त्या घेऊन तू स्वतः निघू नकोस, धुळ्याच्या स्टँडवर विसरशील. अभिमनच्या हाती आधी पाठव, मागून तू ये. कच्च्याच पाठव, भाजू नकोस. तुकडे झालेल्याही पाठव. आणि मीठ जास्त आहे म्हणून कुणाला वाटून टाकू नकोस.