बाबांची दीड वीत

४ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. आ.

मी खुशाल आहे. गुडघे, खोकला आणि शेजारचा कुत्रा आपापल्या जागी आहेत. फोनवर तू नेहमी घाईत असतेस आणि मला आकडे नीट ऐकू येत नाहीत, म्हणून लिहितो.

होडीच्या इंजिनाला बॅटरी घ्यायची आहे. हसू नकोस. जुनी गेली त्याला सहा वर्षं झाली, म्हणजे तू नोकरीला गेलीस तेच साल. तेव्हापासून मी हँडल मारूनच इंजिन सुरू करतो. आता म्हटलं, चार लोकांसारखं बटण दाबावं. त्यात धक्क्याच्या कचेरीने नोटीस लावली आहे. महिनाअखेरपर्यंत जी होडी स्वतःच्या इंजिनावर एक फेरी मारून दाखवणार नाही, तिची धक्क्यावरची जागा जाणार. जागा गेली तर होडी विकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ती विकून मी दिवसभर काय करू ते मला कळत नाही.

मिस्त्री म्हणतात, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसवा, चांगली वजनदार असते. तू जहाजांच्या कारखान्यात हीच कामं करतेस, तेव्हा तूच सांग. बॅटरीची पेटी मोजली. रुंदी-उंचीला जागा भरपूर, लांबीला बरोबर दीड वीत.

तुझी खोली झाडून ठेवली आहे, उगाच आपली.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा

१० नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. मिस्त्रीकाकांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. इन्व्हर्टरची बॅटरी थोडी थोडी वीज तासन्‌तास पुरवते. इंजिनाला हवा असतो पाच-सात सेकंदांचा जबरदस्त जोर. त्यासाठी आत पातळ पातळ पट्ट्या भरपूर असलेली स्टार्टिंगचीच बॅटरी लागते. तीही बंद तोंडाची, म्हणजे होडी कलंडली तरी ॲसिड सांडायचं नाही. तिच्यावर दिवे आणि रेडिओ लावून गाणी ऐकत बसू नका, ही ताकीद.

तुमची वीत नऊ इंचांची, हे मी शाळेची पट्टी लावून मोजलेलं आहे आणि अजून पाठ आहे. म्हणजे पेटी सव्वाचौतीस सेंटिमीटर. तेहेतीसची बॅटरी पार्सलने पाठवते आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनाला जरा जास्तच आहे, पण तुम्ही गार पहाटे निघता म्हणून मुद्दाम मोठी घेतली.

इथे बाराव्या मजल्यावरून पाणी दिसतं, पण त्याचा वास येत नाही. संध्याकाळी खिडकीत उभी राहिले की तुमच्या होडीची ठकठक आठवते आणि जेवण जात नाही. यंदा तरी रजा मिळेल असं वाटत होतं, साहेब नाही म्हणाले.

तुमची माया आहे ती अशीच राहू द्या.
बिट्टी

१७ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. आ.

बॅटरी मिळाली. देखणी आहे. फक्त पेटीत बसत नाही, अडीच बोटं बाहेर राहते. कंपनीने छापलेलं माप खोटं असणार, किंवा दमट हवेने पेटीचं लाकूड फुगलं असेल. मिस्त्री पोट धरून हसले. तू जिवाला लावून घेऊ नकोस, तुझी चूक नाही.

पेटी फोडून बॅटरी तशीच ठेवावी असं मनात आहे. हँडलचं म्हणशील तर त्याला जरा गंज चढला आहे. अजून तेरा दिवस आहेत, बघू.

इकडे काळजी करण्यासारखं काही नाही.
बाबा

२१ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेटी फोडू नका. सैल बॅटरी लाटेत आपटते आणि आतून फुटते.

तशीच बॅटरी इथल्या दुकानात जाऊन मोजली. बरोबर तेहेतीस. लाकूड फुगलं तरी अडीच बोटं फुगत नाही. मग रात्रभर गणित करत बसले. पेटी खरी आहे, बॅटरी खरी आहे, तर उरतं काय. बाबा, तुमची वीत सातच इंच भरते आता.

हे मला बॅटरीकडून कळावं याचा राग आला आणि मग खूप रडू आलं. तुमचं अक्षर वाकडं झालंय ते चष्म्यामुळे असेल असं मी समजत होते. हँडलला गंज नाही चढलेला. तुमची बोटं उघडत नाहीत, मुठीत ते मावत नाही, म्हणून तुम्हाला सहा वर्षांनी बटण सुचलं. मी एवढी शहाणी, आणि बापाच्या हाताचं माप पंचवीस वर्षांपूर्वीचं धरून बसले.

साहेबांना विचारलं नाही, सांगितलं. सव्वीस सेंटिमीटरची बॅटरी घेऊन एकोणतीसला येते. जोर पुरून उरेल, आणि तुम्ही एकट्याने बोट टेकवलं तरी इंजिन सुरू होईल. मोजपट्टी माझी मी आणते.

येते आहे.
बिट्टी

२५ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अ. आ.

तुझ्यापासून काही लपत नाही. दोन वर्षं झाली, बोटं सकाळी मुठीतून सुटत नाहीत. सांगितलं असतं तर होडी विका आणि बाराव्या मजल्यावर या म्हणाली असतीस. तुझ्याकडे यायला जीव तुटतो, पण धक्का सोडायलाही तुटतो.

आणखी एक सांगून टाकतो. सहा वर्षं बॅटरी घेतली नाही ती चिकटपणाने नव्हे. तुझ्या लहानपणी, जुनी बॅटरी घेण्याआधी, मी हँडल फिरवायचो आणि इंजिनाने वेग धरला की वरचा खटका तू टाकायचीस. त्याशिवाय इंजिन पेट घ्यायचं नाही. तू गेल्यावर एका हाताने हँडल मारून दुसऱ्याने खटका टाकायला शिकलो, पण दर वेळी आधी वळून तुझ्या जागेकडे बघायचो. बटण आलं असतं तर तेवढंही निमित्त उरलं नसतं.

बॅटरी तू बसव. कचेरीच्या माणसासमोर बटणच दाबू. पण आल्या दिवशी, बॅटरी जोडण्याआधी, इंजिन एकदा हँडलनेच सुरू करायचं. हँडल मी तेल लावून, पुसून ठेवलं आहे. ते तू फिरव. खटका टाकण्यापुरतं माझं बोट अजून चालतं.

वाट बघतो.
बाबा