पान रिकामं दिसलं की वाढावं

५ जानेवारी, रविवार. सायं. ६.१०

ही रोजनिशी भावना लिहिण्यासाठी नाही. मी टेस्ट इंजिनिअर आहे. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं आमच्याकडे मानतात, म्हणून नोंद.

वस्तुस्थिती: ज्या ॲपवरून मी दर रविवारी दक्षिण बेंगळूरचा चव-आणि-इतिहास वॉक घेते, त्यांचा मेल आलाय. मार्चमध्ये तिबिलिसीला (देश जॉर्जिया) जगभरातले बारा यजमान तीन आठवडे एकत्र राहणार, एकमेकांची जेवणं आणि चालीरीती शिकणार. बेंगळूरमधून एक. जानेवारीतल्या कुठल्यातरी वॉकला ॲपचा परीक्षक साधा पाहुणा बनून येईल. कोण, कधी, ते सांगणार नाहीत.

शहरात असे वॉक घेणारे अकरा जण आहेत. सगळ्यांची पानं ॲपवर वाचली. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक फक्त माझ्याकडे आहे. निवड ही औपचारिकता.

एक्साइट वगैरे झालेली नाही. तिबिलिसीचं मार्चमधलं किमान तापमान फक्त पाहून ठेवलं. ३ अंश.

६ जानेवारी, सोमवार. दु. १.२०

व्हाइटफील्ड. मॅनेजर वेणुगोपालना मार्चची तीन आठवड्यांची रजा मागितली. त्यांनी विचारलं, सिलेक्शन झालं का. मी म्हटलं, प्रॅक्टिकली. ते म्हणाले, मग रजाही प्रॅक्टिकली मंजूर. हे होकारार्थी धरलं.

कोट मागवला. गुडघ्यापर्यंत, गडद हिरवा.

१२ जानेवारी, रविवार. दु. ३.४०

वॉक १. पाहुणे चार: दोन फ्रेंच बहिणी, पुण्याचं एक जोडपं.

१०.३० गांधी बाजार. फुलं, केळीची पानं: १२ मिनिटं. उभ्यानं इडली-कॉफी: ९. गवीपुरमचं गुहामंदिर: १५. बेंगळूर शहाजीराजांची जहागीर होती तो इतिहास: ४. पुण्याच्या गृहस्थांना शहाजीराजांबद्दल बोलायचं होतं. त्यांना लिंक पाठवली.

१२.४७ जयनगर, शारदाआत्याकडे जेवण. हा शेवटचा टप्पा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कच्चा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आम्ही निपाणीचे. ती लग्न होऊन इथल्या सात पिढ्या बेंगळुरी झालेल्या मराठी घरात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. आता तिची मराठी निम्मी कन्नड आहे. ती मला पुट्टी म्हणते, म्हणजे छोटी. मी सत्तावीस वर्षांची आहे.

दोष दोन. (अ) फ्रेंच बहिणींनी अर्धं पान टाकलं. आत्या नंतर शेजारच्या श्यामलाक्कांना हळूच विचारत होती, मीठ जास्त झालं होतं का ग. (आ) पुण्याच्या बाईंचं पान रिकामं असताना आत्या त्यांना लोणच्याची गोष्ट सांगत उभी राहिली. ३ मिनिटं ४० सेकंद. परीक्षक असता तर?

उपाय:
नियम १ (पाहुण्यांसाठी): पानात काही टाकू नये. टाकणं हा घराचा अपमान.
नियम २ (आत्यासाठी): पान रिकामं दिसलं की वाढावं. विचारत बसू नये.

आत्या म्हणाली, सरी, म्हणजे बरं. मग म्हणाली, तुझं पान मांडलंय, स्वल्प बस. मला वेळ नव्हता. ऑटोत प्रोटीन बार खाल्ला.

१४ जानेवारी, मंगळवार. रा. ८.००

संक्रांत. आत्यानं तीळगुळाची पुडी ऑफिस कॅबच्या स्टॉपवर आणून दिली. दोन बस बदलून. म्हटलं, कुरिअर करायचं. तिनं विचारलं, जेवलीस का. हो म्हटलं. अजून जेवले नव्हते, पण दहा मिनिटांनी जेवणारच होते, त्यामुळे उत्तर चूक नाही.

१९ जानेवारी, रविवार. दु. ३.५५

वॉक २. हैदराबादच्या तिघांनी रद्द केलं. पाहुणा एकच: कृष्णमूर्ती, वय अडुसष्ट, निवृत्त हेडमास्तर, राजाजीनगर, हातात कापडी पिशवी. स्थानिक. परीक्षक असण्याची शक्यता: ०. तरीही वेळापत्रक पूर्ण पाळलं. याला प्रोफेशनलिझम म्हणतात.

त्यांनी मात्र पाळलं नाही. केळीची पानं विकणाऱ्या अम्मांशी त्यांच्या नातवाच्या शाळेबद्दल ११ मिनिटं. मग बाय-टू कॉफी मागवली, म्हणजे एकीच्या दोन, आणि अर्धा कप माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, वॉक चालू असताना गाइड काही घेत नाही. ते म्हणाले, अस्सं, आणि दोन्ही कप स्वतः प्यायले.

आत्याकडे तर खुर्चीवर बसलेच नाहीत. आत्या आणि श्यामलाक्का जमिनीवर बसून भिजवलेले अवरेकाईचे दाणे चिमटीत दाबून सालं काढत होत्या. (वालासारखे दाणे. याच मोसमात मिळतात. हुळी म्हणजे आमटी त्याचीच.) हे परात ओढून त्यांच्यात बसले. ३८ मिनिटं. लहानपणी यांच्या घरी पाच भावंडं पैज लावून दाणे उडवायची म्हणे. एक दाणा उडून माझ्या टॅबलेटवर आला. तिघं हसली.

पानावर आणखी गोंधळ. होळिगे, म्हणजे इथली पातळ पुरणपोळी, दोन झाल्यावर त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि साकु, पुरे म्हणाले. आत्या म्हणाली, अर्धी. ते म्हणाले, पाव पण नको. आत्या म्हणाली, हेडमास्तर असून अर्ध्यात नापास होता? ते म्हणाले, अक्का, तुमच्यापुढे सगळे नापास. आत्या गेल्यासारखं करून मागून आली आणि बोटांच्या फटीतून अर्धी सरकवली. एकूण ३ मिनिटं. निष्पत्ती: अर्धी होळिगे.

उपाय. नियम ३ (पाहुण्यांसाठी): वाढताना पानावर हात धरू नये.

जाताना त्यांनी विचारलं, तू कुठे जेवतेस. म्हटलं, कोरमंगलाला पीजीत. त्यांनी पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं. म्हाताऱ्यांना पत्ते लिहायची सवय असते.

२५ जानेवारी, शनिवार. स. ९.३०

उद्या जानेवारीतला शेवटचा वॉक. पाहुणे दोन, नेदरलँड्सचे: योहान आणि मारिके. योहाननं आधीच मेलवर नऊ प्रश्न विचारलेत. अंतर, उंची, पाणी कुठून येतं. सामान्य पाहुणा असं विचारत नाही.

हाच.

तिन्ही नियम छापून लॅमिनेट केले. आत्याला फोनवर दोनदा पाठ म्हणायला लावलं. ती म्हणाली, पुट्टी, घाबरलीस का? घाबरलेली नाही. पल्स ९४ आहे, पण तो कॉफीमुळे.

२६ जानेवारी, रविवार. सायं. ५.१५

आज काय झालं ते क्रमानं.

योहान सहा फूट चार इंच. काळी वही. घड्याळ दोनदा पाहिलं. माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवून नोंद. शंकाच उरली नाही.

१२.४७ पान मांडलं. नियम वाचून दाखवले. योहाननं सांगितलं, चालीरीतींचा तो फार आदर करतो.
१२.५८ पहिली होळिगे संपवली. पान रिकामं. आत्यानं वाढली.
१.०९ चौथी. पान रिकामं. वाढली.
१.२१ सहावी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हसून नियम १ कडे बोट दाखवलं.
१.२६ मारिके हात धुऊन येते म्हणून उठली, परतली नाही. नंतर कळलं, तिच्या तीन होळिगे पर्समध्ये होत्या.
१.३४ आठवी. योहानचा एक हात पानाकडे गेला. मी मान हलवली. त्यानं तो मागे घेतला.
१.४० आत्याच्या डोळ्यांत पाणी. श्यामलाक्कांना म्हणाली, मामंजी गेल्यापासून असं जीव लावून कुणी जेवलं नाही ग. श्यामलाक्कांनी पुन्हा तवा ठेवला.
१.५२ अकरावी. पुरण संपलं. मला हायसं वाटलं. आत्या म्हणाली, सरी, आता भात, आणि हुळीचं पातेलं घेऊन आली.
२.०८ योहाननं मला अगदी खालच्या आवाजात विचारलं, हा विधी कधी संपतो. कपाळावर घाम. काळी वही ताकात पडलेली.
२.१० तो पानाशेजारीच आडवा झाला.

आत्यानं ओव्याचं पाणी दिलं, उशी दिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, ह्यांना साकु कसं म्हणायचं ते सांगितलं नव्हतंस? मी म्हटलं, नियम ३. तिनं लॅमिनेट केलेला कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि पालथा ठेवला. मग योहानशेजारी बसली, त्याचे दोन्ही हात उचलून पानावर आडवे ठेवले आणि म्हणाली, साकु. तो म्हणाला, साकु. तिनं ते तीनदा म्हणून घेतलं.

विश्लेषण: नियम १ स्वतंत्रपणे बरोबर. नियम २ स्वतंत्रपणे बरोबर. नियम ३ सुद्धा. तिन्ही एकत्र आल्यावर जे झालं ते वापरणाऱ्यांनी तारतम्य न ठेवल्यामुळे. माझा दोष नाही, असं तीनदा तपासलं.

तिबिलिसी गेलं का? पल्स १०२.

२७ जानेवारी, सोमवार. दु. २.००

योहानला माफीचा मेल ७.१०ला. खुलाशाचा मेल ८.२५ला. आकृतीसह खुलासा ११.४०ला.

उत्तर आलं. तो कालव्यांचे दरवाजे बांधणारा इंजिनिअर आहे, कॉन्फरन्सला आला होता. सध्या फक्त पाणी पितोय. माझी आकृती त्याला पटली: आत पाणी येण्याची सोय आहे, बाहेर जाण्याची नाही, असा दरवाजा त्यानं कधी बांधला नसता. आयुष्यात इतकं प्रेम आणि इतकी भीती एकाच वेळी वाटली नव्हती, असंही लिहिलंय.

‘प्रेम’ हा शब्द आहे. सकारात्मक धरायला हरकत नाही. परीक्षक स्वतःची ओळख लपवणारच.

३ फेब्रुवारी, सोमवार

मेल नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेल नाही. स्पॅमही पाहिलं. वेणुगोपालनी सगळ्यांसमोर विचारलं, काय मॅडम, तिबिलिसी? मी म्हटलं, इन प्रोसेस. कोट आला. आरशात पाहिलं. मापाचा आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. स. ११.०४

मेल आला.

परीक्षक: कृष्णमूर्ती.

अहवाल दीड पानाचा आहे. सव्वा पान आत्यावर. अवरेकाई, बोटांच्या फटीतली अर्धी होळिगे, चाळीस वर्षांत दोन भाषांचं एक झालेलं स्वयंपाकघर. माझ्यावर दोन वाक्यं: मार्गदर्शक वेळेची अतिशय पक्की आहे. तिला कुणीतरी पानावर बसवायला हवं.

निवड: श्रीमती शारदाबाई, जयनगर.

सोबत एक मदतनीस नेता येईल.

११.३०

आधी नीट वाचलं नव्हतं. मदतनीस. म्हणजे जाणं निश्चितच आहे, फक्त पदनाम वेगळं. आत्याला परदेशात कोण सांभाळणार? फॉर्म, विमानं, वेळापत्रक. माझ्याशिवाय ती विमानतळावरच पुरण वाटत बसेल. रजेचा अर्ज सुधारून पाठवला.

९ फेब्रुवारी, रविवार. दु. १.३०

आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, तिथं कढीपत्ता मिळतो का. मग, तिथली माणसं जेवताना बोलतात का. मी म्हटलं, वाचलंय त्यावरून तासन् तास. ती म्हणाली, मग बरं.

तिचा पासपोर्ट आहे, नेपाळात मुक्तिनाथला श्यामलाक्कांबरोबर जाताना काढलेला. फॉर्म भरला. मदतनीस या रकान्यात माझं नाव आधीच टाईप करून नेलं होतं, वेळ वाचावा म्हणून. आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे खोडता येतं का.

श्यामलाक्कांचं नाव घाल म्हणाली.

कारण विचारलं. कुठलाही निर्णय कारणासह नोंदवावा लागतो. ती बराच वेळ पदर नीट करत राहिली. मग म्हणाली, पुट्टी, तू हुशार आहेस, ते मी सगळ्यांना सांगते. पण तिथं बारा घरची माणसं एका पंगतीला बसणार. दोन वर्षं तू दर रविवारी येतेस. मी दर रविवारी तुझं पान मांडते. एकदा तरी बसलीस?

आकडा तपासला. एकदाही नाही.

मुद्दा तांत्रिक आहे. नाव बदललं. आज बसायला हरकत नव्हती, पण आता ते योग्य दिसलं नसतं.

६ मार्च, गुरुवार. दु. १२.३०

विमानतळावर सोडलं. कोट आत्याला दिला. खांद्यात घट्ट, लांबीला जास्त. श्यामलाक्का म्हणाल्या, रेल्वेची टीसी दिसतेस. आत्यानं खिसे चाचपून पाहिले आणि म्हणाली, स्वल्प मोठे हवे होते, डबा मावला असता. आत जाताना वळून ओरडली, जेवलीस का? सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. हो म्हटलं.

वेणुगोपालना कळवलं, रजा नको.

९ मार्च, रविवार. दु. १.१०

ॲपनं कळवलंय: मुख्य यजमान परदेशी. आजची बुकिंग: ०.

वेळापत्रक ठरलेलं असल्यामुळे वॉक घेतला. १०.३०ला वेळेवर सुरू झाला. फुलं १२ मिनिटं. मंदिर १५. शहाजीराजे ४, मनातल्या मनात. पहिल्यांदाच सगळं सेकंदावर बसलं. कॉफीला मात्र चुकून बाय-टू मागवली. दुसरा कप तसाच राहिला.

१२.४७ जयनगर. किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी घालायला. फ्रीजमध्ये डबा होता, वर चिठ्ठी: पुट्टी, गरम करून खा. दोन होळिगे. ओट्यावर ओल्या फडक्यात केळीचं एक पान गुंडाळून ठेवलेलं.

पान मांडलं. बसले. नियम १ प्रमाणे काही टाकलं नाही. पान पूर्ण रिकामं केलं.

मग नियम २ प्रमाणे थांबले. सहा मिनिटं. कुणी वाढलं नाही.