घरपोच, झटपट आणि आजच

आदरणीय वन्स,

वाकून नमस्कार करायचा तर कंबर ऐकत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच करते. तो वाकून केलाय असंच समजा. तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला पंख्यावरची धूळ दिसली, हे कळलं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं. माझं बरं चाललंय. तुमच्या भावाचंही आता बरं आहे. (त्या ‘आता’ला दचकू नका. काळजी होती तेव्हा मी मुद्दामच कळवलं नव्हतं. ती मिटली म्हणून तर लिहायला बसले.) फोनवरही सांगता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागले की हे शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात. शिवाय शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं अजून डोक्यात पक्कं आहे : कुशल आधी, हकिकत मध्ये, आणि विनंती असेल तर ती स्पष्ट शब्दांत, ताज्या कलमात लपवू नये. तेव्हा हकिकत सांगते.

गेल्या वर्षापासून दुकानात माशा मारायची वेळ आली होती. शिवणयंत्रं आता कोण दुरुस्त करतं? मशीन बिघडलं की लोक शिवणंच सोडून देतात. हे मात्र रोज वेळेवर दुकान उघडायचे, काउंटर पुसायचे, तेलाची बुधली उजवीकडून डावीकडे ठेवायचे आणि संध्याकाळी डावीकडून उजवीकडे. घरी येऊन म्हणायचे, ‘आज निवांत होतं.’ ते ‘निवांत’ मला ऐकवत नसे. तुम्हाला ठाऊकच आहे, यांच्याकडून दुकान काढून घेतलं तर मागे फक्त चष्मा उरेल.

मग आपले जावईबापू पुढे सरसावले. ते कंपन्यांच्या जाहिराती करतात, आणि सासऱ्याचा धंदा बुडताना बघत बसणारा हा जावई नाही. (मुलगा लाखात एक आहे. त्याला उत्साह जरा कमी असता तर दोन लाखांत एक म्हटलं असतं.) दुकानाला इंटरनेटवर पत्ता हवा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या पत्त्यात लोक जे शब्द टाकून शोधतात तेच घालायचे, म्हणजे शोधणाऱ्याला आपलं दुकान सगळ्यात वर दिसतं. मामंजींनी दिलेलं नाव कोण शोधणार? लोकांना दुरुस्ती हवी असते, जवळ हवी असते, स्वस्त हवी असते.

रविवारी जेवणाच्या टेबलावर नाव ठेवायचा कार्यक्रम झाला. बाळाचं नाव ठेवताना सुद्धा आपल्याकडे इतकी चर्चा झाली नव्हती. जावयांनी ‘स्वस्त’, ‘शिलाईमशीन’ आणि ‘दुरुस्ती’ घातलं. लेकीने ‘झटपट’ सुचवलं. मला वाटलं, आपणही काही द्यावं, रिकाम्या हाताने कशाला राहायचं, म्हणून मी ‘घरपोच’ म्हटलं. जावयांनी लगेच ‘आजच’ आणि ‘जवळच’ची भर घातली. शब्दांच्या मध्ये जागा सोडायची नसते म्हणे. असं करत शेवटी जे तयार झालं ते एका दमात वाचा : स्वस्तझटपटघरपोचशिलाईमशीनदुरुस्तीआजचजवळच डॉट कॉम. कार्ड छापणाऱ्याने ते दोन ओळींत मोडलं आणि विचारलं, आडनाव कुठलं?

हे इतका वेळ वरणात भात कालवत होते. त्यांनी एकच विचारलं, ‘हे सगळं आपण करतो का?’

‘बाबा, ते फक्त नाव आहे,’ जावई म्हणाले. ‘वचन नाही.’

यांनी मान डोलावली आणि ताक मागितलं. मला वाटलं, पटलं. इतकी वर्षं संसार करूनही मला यांचं मान डोलावणं ओळखता आलं नाही. मामंजींच्या घरात पाटीवर लिहिलं म्हणजे शब्द दिला, हे मी तरी विसरायला नको होतं.

नावाने मात्र काम केलं, ते नाकारून चालणार नाही. फोन असा वाजायला लागला की कुकरची शिट्टी ऐकू येईना. आणि ज्याला त्याला मशीन आजच, घरी आणि झटपट हवं. दुसरा कोणी असता तर ‘बघतो, उद्या येतो’ म्हणाला असता. यांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

आता अडचण बघा. जुनं मशीन गंजून जाम झालं की सांध्यासांध्यात तेल सोडून रात्रभर मुरू द्यावं लागतं. मामंजींपासून चालत आलेली रीत आहे, तिला तोड नाही. पण नावात ‘आजच’ आहे आणि ‘घरपोच’ही. मग यांनी आपल्या परीने मार्ग काढला : गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सकाळी तेल सोडायचं आणि ते मुरेपर्यंत तिथेच कोचावर बसून राहायचं. वन्स, तुमचा भाऊ परक्यांच्या घरांत दिवसच्या दिवस बसायला लागला. एका घरी मालिकेचे इतके भाग पाहिले की घरी येऊन मला त्यातल्या सासूची बाजू समजावून सांगत होते. एका बाईंनी ‘तुम्ही आहातच तर’ म्हणून यांच्यावर उकळत्या दुधाकडे बघायची जबाबदारी टाकली. (उतू गेलंच. हे मशीनकडे बघत होते.) एका कुटुंबाने तर आजोबांना यांच्या स्वाधीन केलं आणि सगळे बाहेर पडले. दोघं म्हातारे समोरासमोर बसून तेल मुरायची वाट बघत होते. त्या आजोबांचा अजून फोन येतो, मशीन पुन्हा कधी बिघडेल म्हणून विचारतात.

मी हसत होते, खोटं कशाला सांगू. पण हे वाळत चालले होते. शेवटचा मजला आणि लिफ्ट बंद, असं घर यांच्या नशिबी हमखास. एक दिवस दुपारी फोन आला, ‘जरा ये, घाबरू नकोस.’ मी गेले तर हे एका इमारतीच्या जिन्यात मधल्या वळणावर बसलेले, मांडीवर घरपोच द्यायला निघालेलं मशीनचं डोकं, बाळाला घ्यावं तसं. पाय उचलत नव्हते. येणारे जाणारे ‘एक्सक्यूज मी’ म्हणून बाजूने जात होते आणि हे प्रत्येकाला माफ करत होते.

मी त्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि मला आमच्या शाळेची शिवणाची खोली आठवली. खिडकीखाली ओळीने मशीनं, मेणाचा वास, आणि मामंजींच्या मागोमाग आलेला एक उंच मुलगा. त्याने खिडकीशेजारचं एकच मशीन उघडायला इतके दिवस घेतले की सिस्टर म्हणाल्या, हा फार सावकाश काम करतो. त्या मशीनवर मी बसायचे. सावकाशपणा मशीनपायी होता की कशापायी, हे मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा हे कधी धापा टाकत नव्हते.

डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं, गुडघे आणि हट्ट सोडून बाकीही सगळं ठीक. विश्रांती मात्र सक्तीची. घरी आल्यावर हे पलंगावर पडून छताकडे बघत म्हणाले, ‘नाव खरं करता येत नसेल तर दुकान बंद केलेलं बरं.’

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी घाबरले. रागावले असते तर संध्याकाळपर्यंत उतरला असता.

जावयांना कळलं तसे ते धावत आले. चेहरा एवढासा झाला होता. माफी मागायचं सुचेना, म्हणून लॅपटॉप उघडून बसले (आजकालच्या मुलांचं हे हात चोळणं). लोक नेमके कुठले शब्द टाकून आपल्यापर्यंत पोचतात, हे त्यात दिसतं म्हणे. बघता बघता ते थांबले आणि मला म्हणाले, ‘आई, हे “घाई नको” काय आहे?’

वन्स, मी चष्मा लावून जवळ जाऊन वाचलं. झटपट शोधणारे खूप होते, पण ते एकदा येऊन गेलेले. पुन्हा पुन्हा येणारे, दुसऱ्यांना पाठवणारे, ते सगळे टाइप करत होते : ‘घाई नको मशीनवाले’. कोणी ‘घाई नको दुकान’, कोणी ‘ते घाई नको वाले काका’. मग मी जावयांना मामंजींच्या पाटीबद्दल सांगितलं. ‘येथे शिवणयंत्रे नीट दुरुस्त होतात. घाई असल्यास पुढच्या चौकात विचारावे.’ त्यांनी ती पाटी कधी पाहिलेलीच नव्हती. ती उतरवून इतकी वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडून काही उतरली नाही.

जावई उठले, यांच्या पलंगाशी गेले आणि म्हणाले, ‘बाबा, लोक शोधतात तेच नाव घ्यायचं, हे माझं म्हणणं बरोबर होतं. फक्त ते शोधतात काय, हे विचारायचं राहिलं.’ आणि ‘घाईनको डॉट कॉम’ त्यांनी तिथल्या तिथे घेऊन टाकलं. यांनी विचारलं, ‘हे आपण करतो का?’ आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘हो, हे करतो.’ मग उठून बसले आणि भूक लागल्याचं म्हणाले.

आता दुकानात फार गर्दी नाही, पण निवांतही नाही. जी माणसं येतात ती आईचं, आजीचं मशीन घेऊन येतात. परवा एक बाई मशीन ठेवून म्हणाल्या, होईल तेव्हा होऊ दे, आईला सुद्धा सावकाश शिवायची सवय होती. हे घरी आले ते शीळ घालत. मी स्वयंपाकघरात उगीचच डबे पुसत उभी राहिले, डोळे पुसायचे होते म्हणून.

सर्वांना यथायोग्य सांगा आणि पंखा स्वतः चढून पुसू नका.

तुमची,
भावजय

ता. क. : ते लांबलचक नाव वाया गेलं नाही. पुढच्या चौकातला दुरुस्तीवाला ते मागायला आला, आम्ही देऊन टाकलं. घाई असलेले आता परस्परच तिकडे जातात. मामंजींची पाटी तेच तर सांगत होती.

ता. क. दोन : (सिस्टर मला क्षमा करोत.) ती पाटी तुमच्याकडे आहे. दुकानाला रंग दिला तेव्हा तुम्ही वडिलांची आठवण म्हणून नेलीत, आणि तुमचा हक्कच होता. पण मागच्या खेपेला मी गॅलरीत पाहिलं, आठवणीवर कोरफडीच्या कुंड्या होत्या. तेव्हा बोलले नाही. आता बोलते : पाटी परत हवी. हे म्हणतात, वन्सना सांग, सवडीने पाठवा, घाई अजिबात नाही.

ता. क. तीन : पत्र टपालाने का आलं नाही, असं वाटलं असेल. ज्या गृहस्थाने ते आणून दिलं तो टेम्पोवाला आहे. पाटी घेतल्याशिवाय तो जाणार नाही. तुम्ही त्याला चहा द्या, तोवर तो कुंड्या उतरवेल.